रात्री एका सिस्टरकडे अठ्ठावीस पेशंट: नियम काय सांगतो आणि वॉर्डात काय घडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं आतड्याचं ऑपरेशन झालं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जिकल वॉर्डात काही रात्री काढाव्या लागल्या. रात्रपाळीला २८ पेशंटांमागे एकच सिस्टर असायची. दुसऱ्यांदा हाक मारली तर ती चिडून बोलली. एवढ्या कमी नर्स ठेवणं नियमात बसतं का? त्याने पेशंटच्या जिवाला खरंच फरक पडतो, की सिस्टर हुशार असली की भागतं? आणि तक्रार करायची तर कोणाची?

नियमात ते बसत नाही, पण कागदावर बसवून दाखवता येतं. ते कसं, हे पुढे सांगते. जिवाला फरक पडतो आणि त्याचा पुरावा आता भक्कम आहे. तक्रार करायचीच असेल तर त्या सिस्टरची करू नका. तिला तिथे एकटीला ठेवणाऱ्याची करा. मी स्टाफ नर्स म्हणून वॉर्डात काम केलं, मग इन्चार्ज झाले आणि शेवटची बरीच वर्षं ड्यूटी लिस्ट लावण्यात गेली. त्यामुळे हा हिशेब मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

सुरुवात त्या प्रसिद्ध प्रमाणापासून करू. भारतीय परिचर्या परिषदेचा (इंडियन नर्सिंग कौन्सिल) निकष सगळे सांगतात: वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जनरल वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, आणि वर ३० टक्के रजा राखीव. हे ऐकल्यावर माणसाला वाटतं, म्हणजे सिस्टरकडे तीनच पेशंट असणार. तसं नाही. हा तीनचा आकडा दिवसभरातल्या तिन्ही पाळ्यांच्या एकूण नर्सचा आहे. त्याच निकषात तो ‘प्रत्येक पाळीत नऊ खाटांमागे एक’ असाही लिहिलेला आहे. भाषणात १:३ ऐकू येतं आणि वॉर्डात मात्र १:९ असतं. तेही सगळं भरलेलं असेल तर.

तीस खाटांचा वॉर्ड घ्या. एकास तीनने दहा नर्स, राखीव धरून तेरा. राखीवच्या तिघी रजेवर गेलेल्यांच्या जागी उभ्या राहणार, म्हणजे रोज ड्यूटीवर दहा. सकाळी चार, दुपारी तीन, रात्री तीन अशी वाटणी केली तर रात्री एकीकडे दहा पेशंट आले. आता तुमचं रुग्णालय महाविद्यालयाचं नसेल तर एकास पाचने हिशेब करा. सहा नर्स, राखीव धरून आठ. रोज ड्यूटीवर सहा, पाळीला दोन. निकष तंतोतंत पाळला तरी रात्री एकीकडे पंधरा पेशंट! तुम्ही पाहिलेल्या अठ्ठावीसपैकी अर्धा भार निकषातच लिहिलेला होता. उरलेला अर्धा रिकाम्या पदांचा.

यात रजेची एक मेख आहे. ड्यूटी लिस्ट न लावलेल्या माणसाच्या ती लक्षात येत नाही. वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा करा, ३० अर्जित रजा वजा करा, ८ किरकोळ रजा, वीसेक सार्वजनिक सुट्ट्यांचा बदला. उरतात साधारण २५५ दिवस. म्हणजे एक जागा रोज भरलेली ठेवायची तर १.४३ माणसं लागतात. ३० टक्के राखीव तिथेच अपुरी पडते. किती पदं लागतात ते तपासणाऱ्या, केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटने केंद्रीय रुग्णालयांसाठी ४५ टक्के धरले होते, ते वास्तवाच्या जास्त जवळ आहे. शिवाय वरच्या हिशेबात प्रसूती रजा नाही, आजारपण नाही, नाइटनंतरचा ऑफ नाही. ज्या खात्यात बहुसंख्य कर्मचारी विशी-तिशीतल्या बायका आहेत तिथे प्रसूती रजा ‘अचानक’ कशी काय उगवते, हे मला प्रशासनातल्या मंडळींनी कधी समजावून सांगितलं नाही. सगळं धरून सांगते: वॉर्डात चोवीस तास एक नर्स दिसायची असेल तर पगारपत्रकावर साडेचार ते पाच नावं लागतात. रात्री दोन दिसायच्या असतील तर दहा.

आणि निकष खाटांवर असतो, पेशंटांवर नाही. तीस खाटांच्या मेडिसिन वॉर्डात पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो, न्यूमोनियाचे पंचेचाळीस पेशंट असतात. फरशीवर गाद्या टाकतात. गादी ही खाट नव्हे, म्हणून तिच्यावरच्या माणसाला आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, नर्स नाही. त्यातून एक जण शिबिराला, एक ओपीडीत, एक प्रशिक्षणाला. ‘मंजूर पदं १३’ असा फलक आणि रात्री एक सिस्टर, या दोन्ही गोष्टी एकाच वॉर्डाबद्दल खऱ्या असू शकतात.

खासगीत गंमत वेगळी. तिथे रोजच्या भरलेल्या खाटा मोजून नर्स हलवतात. तुमच्या मजल्यावर दुपारी चार डिस्चार्ज झाले की एक मुलगी उचलून दुसऱ्या मजल्यावर. पण डिस्चार्जच्या दिवशीच काम सर्वात जास्त असतं, आणि संध्याकाळी त्याच चार खाटांवर नवीन पेशंट आलेले असतात. दुपारचा सेन्सस, म्हणजे भरलेल्या खाटांची मोजणी, पाहून रात्रीची माणसं ठरवणाऱ्यांनी एकदा रात्री दहा वाजता वॉर्डात येऊन उभं राहावं.

आता त्या रात्रीकडे येऊ. सरकारी रुग्णालयांत रात्रपाळी बऱ्याच ठिकाणी आठ ते आठ असते, म्हणजे ७२० मिनिटं. पेशंट तीसच धरू. ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटांची माहिती घेणं आणि पुढच्या पाळीला देणं, मिळून पाऊण तास. नाडी, बीपी, ताप, श्वास दोनदा बघायचे. घाई करून पेशंटमागे चार मिनिटं, म्हणजे २४० मिनिटं. रात्री दहाची आणि सकाळी सहाची इंजेक्शनं, सलाईन, गोळ्या. पेशंटमागे पाच मिनिटं, दोनदा, म्हणजे ३००. पहाटे पंधरा जणांचं रक्त काढायचं, चार-चार मिनिटांनी ६०. बेरीज ६४५. उरली ७५ मिनिटं, आणि त्यात तीस केसपेपरांवर नोंदी लिहायच्या. प्रत्येकी अडीच मिनिटं.

या हिशेबात काय नाही ते बघा. नवीन ॲडमिशन नाही, ज्याला नीट करायचं तर पाऊण तास जातो. कूस बदलणं नाही, ड्रेसिंग भिजलंय का बघणं नाही, सुजलेल्या जागेवरची आयव्ही (शिरेतली सुई) काढून नवी लावणं नाही. कोणी उलटी केलेली नाही, कोणी पडलेलं नाही, कोणाला ‘मला भीती वाटते’ असं म्हणायचं नाही. हात धुणं नाही. साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात आणि सॅनिटायझर चोळायला २० ते ३०. साठ वेळा पेशंटला हात लावायचा तर निव्वळ सॅनिटायझरची वीस-तीस मिनिटं. जंतुसंसर्गाचं पोस्टर लावल्याने ती मिनिटं तयार होत नाहीत. तिचं स्वतःचं जेवणही नाही, आणि लघवीला जाणंही नाही. तुमची सिस्टर का चिडली याचं उत्तर यात आहे. ते चिडणं योग्य होतं असं मी म्हणत नाही.

अशा वेळी नर्स काय सोडते? माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. ती इंजेक्शन सोडत नाही. इंजेक्शनची नोंद असते, सकाळी राऊंडला विचारणा होते, सलाईन संपलेलं नातेवाइकाला दिसतं. ज्याची नोंद आहे आणि जे दुसऱ्याला दिसतं ते काम ती कसंही करून उरकते. सुटतं ते न दिसणारं: दर दोन तासांनी कूस बदलणं, पेशंटला उठवून चार पावलं चालवणं, लघवी किती झाली ते मोजून लिहिणं, घरी गेल्यावर काय करायचं ते समजावणं. आणि सर्वात आधी सुटतं ते पेशंटकडे नीट बघणं. अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक बिएट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये नर्सेसना विचारून ‘राहून जाणाऱ्या’ कामांची यादी मांडली, तिच्यात हीच कामं होती. कुठल्याही देशातली नर्स ती यादी न वाचता सांगेल.

बघणं म्हणजे नेमकं काय, हे सांगायला हवं, नाहीतर ते सहानुभूतीसारखं काहीतरी वाटतं. पोटाच्या ऑपरेशननंतर आत रक्तस्राव होत असेल तर बीपी लगेच पडत नाही. शरीर बराच वेळ तोल सांभाळतं. आधी नाडी वाढते, ८० ची ९६ होते, ११० होते. लघवी कमी होते. वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्धा मिली हा साधारण खालचा टप्पा, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तासाला ३० मिली. माणूस अस्वस्थ होतो, चादर ओढतो, ‘मला घरी न्या’ म्हणतो. हातपाय गार लागतात. बीपी ८० वर आलेलं दिसतं तेव्हा बराच वेळ हातातून गेलेला असतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरत असेल तर बऱ्याचदा श्वासाचा वेग आधी वाढतो, आणि श्वास मोजणं हेच सर्वात जास्त दुर्लक्षित काम आहे. चार्ट उघडून बघा. कित्येक वॉर्डांत सगळ्या पेशंटांचा श्वास मिनिटाला २० असतो, सगळ्या पाळ्यांत. तो मोजलेला नसतो, लिहिलेला असतो.

एका रात्री थायरॉइडच्या ऑपरेशनच्या पेशंटने आमच्या एका नवख्या मुलीला सांगितलं, ‘गळ्याशी आवळल्यासारखं होतंय.’ ड्रेसिंग कोरडं होतं, बीपी ठीक होतं. पण तासाभरापूर्वी ती त्याच बाईशी बोलली होती आणि आता आवाज बदललाय हे तिच्या लक्षात आलं. मानेत रक्त साचत होतं. रेसिडेंट धावत आले, टाके उघडले, बाई वाचली. त्या रात्री त्या मुलीकडे सहा पेशंट होते. तिची हुशारी मला मान्य आहे. पण अठ्ठावीस पेशंट असते तर तासाभरापूर्वीचा आवाज तिने ऐकलेलाच नसता. तुमच्या ‘हुशार असली की भागतं का’ या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. हुशारी वापरायला पेशंटपाशी उभं राहावं लागतं.

आता पुरावा. २००२ मध्ये नर्सिंग संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांतल्या दोन लाख तीस हजारांहून जास्त शस्त्रक्रियेच्या पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्सकडचा प्रत्येक जादा पेशंट ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढवतो, असं त्यात दिसलं. चारऐवजी आठ पेशंट असतील तर ३१ टक्के. मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो: गुंतागुंत झाल्यानंतर पेशंट न वाचण्याची शक्यताही तशीच ७ टक्क्यांनी वाढत होती. गुंतागुंत तर सगळीकडे होते. ती वेळेत लक्षात येते की नाही, हे नर्सच्या संख्येवर फिरतं. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांवर असाच अभ्यास झाला आणि तिथेही जादा पेशंटमागे ७ टक्केच आले. शिवाय पदवीधर नर्सचं प्रमाण दर १० टक्क्यांनी वाढलं की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी घटते, असंही दिसलं. म्हणजे संख्या आणि शिक्षण दोन्ही लागतं, एकाच्या बदल्यात दुसरं चालत नाही.

यावर डॉक्टर मंडळी एक रास्त आक्षेप घेतात. जास्त नर्स ठेवणारं रुग्णालय श्रीमंत असतं, तिथे यंत्रं चांगली, डॉक्टर जास्त. मग श्रेय नर्सना कसं? या आक्षेपाला दोन उत्तरं आहेत. अमेरिकेतल्या जॅक नीडलमन यांच्या संशोधक गटाने २०११ मध्ये एकाच मोठ्या रुग्णालयातल्या वेगवेगळ्या पाळ्या तपासल्या. तेच डॉक्टर, तीच यंत्रं. ज्या पाळ्यांत ठरलेल्यापेक्षा नर्स कमी होत्या, तशा जितक्या जास्त पाळ्या पेशंटच्या वाट्याला आल्या तितका मृत्यूचा धोका वाढला. ज्या पाळीत ॲडमिशन-डिस्चार्जची वर्दळ फार होती तिथेही वाढला. दुसरं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचं. तिथे २०१६ मध्ये कायद्याने प्रमाण ठरवलं: दिवसा चार पेशंटांमागे एक, रात्री सात पेशंटांमागे एक. लागू केलेल्या २७ रुग्णालयांची न केलेल्यांशी आधी आणि नंतर तुलना झाली. मृत्यू कमी झाले, पुन्हा भरती होणं कमी झालं, मुक्कामाचे दिवस घटले, आणि वाचलेला पैसा नव्या नर्सवरच्या खर्चाच्या साधारण दुप्पट निघाला.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने असा कायदा १९९९ मध्येच केला होता आणि २००४ पासून अमलात आणला. जनरल वॉर्डात आता पाच पेशंटांमागे एक, आयसीयूत दोनामागे एक. रुग्णालयं बंद पडतील, अशी ओरड तेव्हा झाली होती. नर्स वाढल्या, कामावरचं समाधान वाढलं. मृत्यू नेमके किती घटले यावर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही, हेही सांगायला हवं. इंग्लंडमध्ये मिड स्टॅफर्डशायरच्या सरकारी रुग्णालयाचं प्रकरण गाजलं. पैसे वाचवायला नर्सची पदं कमी केली, पेशंटांना पाणी मिळेना, जेवणाची ताटं हात पोचणार नाहीत अशा ठिकाणी पडून राहिली. २०१३ च्या फ्रान्सिस चौकशी अहवालात ते सगळं आलं. त्यानंतर दिवसा एका नर्सकडे आठपेक्षा जास्त पेशंट गेले तर सावध व्हा, असं तिथल्या मार्गदर्शक सूचनेत आलं.

या सगळ्या अभ्यासांचा पट्टा पाहा: चार, सहा, आठ, दहा. आपला हिशेब त्यांचा जिथे संपतो तिथे सुरू होतो. म्हणून ७ टक्क्यांना वीस जादा पेशंटांनी गुणून एखादा भीषण आकडा काढू नका, ते गणित तितकं लांब ताणता येत नाही. आपली रचनाही वेगळी आहे. आपल्याकडे प्रत्येक खाटेशी एक नातेवाईक असतो. सलाईन संपत आल्याचं तो सांगतो, भांडं देतो, कूस बदलतो, नळीतून दूध घालतो, सोनोग्राफीला ट्रॉली ढकलतो. कुठल्याच आकृतिबंधात नसलेला हा कर्मचारी सगळा डोलारा धरून उभा आहे. त्याच्यामुळे नर्सचा तुटवडा वरिष्ठांना जाणवत नाही, आणि तोच कधी झोपलेल्या माणसाला पाणी पाजतो आणि ते फुप्फुसात जातं. दोष मग त्याचा ठरतो.

शिकलेली नर्स आणि पांढऱ्या कपड्यातली मुलगी यांतला फरकही आपल्याकडे धूसर आहे. एएनएमचा (सहायक परिचारिका-प्रसाविका) अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि गावपातळीवरच्या माता-बालसेवेसाठी आखलेला. जीएनएम (जनरल नर्सिंगची पदविका) तीन वर्षांचा, बीएस्सी चार वर्षांचा. लहान नर्सिंग होममध्ये यांपैकी काहीच नसलेली, दहावी-बारावी झालेली, डॉक्टरांनी हाताखाली तयार केलेली मुलगी ‘सिस्टर’ म्हणून रात्र काढते. इंजेक्शन ती उत्तम देते. पण नाडी ११० झाली म्हणून डॉक्टरांना रात्री दोनला उठवायचं की नाही, हा निर्णय घ्यायला तिला कोणी शिकवलेलं नसतं, आणि उठवलं तर बोलणी बसतात. प्रमाण मोजताना तिला मोजतात. मी मोजणार नाही.

जिथे काही तुटवडा नवीन नर्स न आणता भरता येतो, ती जागा म्हणजे कारकुनी. औषधांचा इंडेंट (मागणीपत्र), कपड्यांचा हिशेब, मेडिक्लेमचे कागद, बिलाच्या नोंदी, ऑडिटसाठीची रजिस्टरं. एकच नाडी मी केसपेपरवर, टीपीआर चार्टवर (ताप-नाडी-श्वासाचा तक्ता) आणि रिपोर्ट बुकात अशी तीन ठिकाणी लिहिलेली पाहिली आहे. वॉर्डाला एक क्लार्क दिला आणि दोन रजिस्टरं बंद केली तर रोज काही तास मोकळे होतात. नर्सेसच्या संघटनाही या मागणीवर फार जोर देत नाहीत, कारण पदं मागणं जास्त सोपं घोषवाक्य आहे. माझं हे मत माझ्या सहकाऱ्यांना आवडत नाही. त्याचवेळी, ‘नर्स मिळत नाहीत तर मावशी-वॉर्डबॉय वाढवा’ हा उपाय मला मान्य नाही. मावशी वाढल्याच पाहिजेत, पण नर्सच्या सोबतीला. तिच्या जागी नव्हे.

नर्स मिळत नाहीत हेही अर्धसत्य आहे. दरवर्षी महाराष्ट्रात इतक्या मुली शिकून बाहेर पडतात. खासगीत त्यांना मिळतो तो पगार बघा. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली होती: २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी नर्सइतका पगार, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही किमान २०,००० रुपये. लहान शहरांतल्या मुलींना विचारा, हातात किती पडतात. दीड-दोन वर्षांत आयसीयूचा अनुभव गाठीशी बांधून मुलगी आखातात, आयर्लंडला नाहीतर सरकारी परीक्षेला जाते. तिची जागा सहा महिन्यांपूर्वी पास झालेली मुलगी घेते. ड्यूटी लिस्टवर दोन्ही नावं सारखीच दिसतात. सरकारी बाजूला भरती वर्षानुवर्षं रखडते आणि मग कंत्राटी नेमणुका होतात. बाह्यस्रोतातून भरतीच्या निर्णयाविरुद्ध मे २०२२ मध्ये राज्यभरातल्या सरकारी नर्सेस संपावर गेल्या होत्या.

खाट पटकन मांडता येते, नर्स मांडता येत नाही. कोविडमध्ये हे सगळ्यांना दिसलं. मैदानांवर हजार-हजार खाटांची केंद्रं काही आठवड्यांत उभी राहिली, आणि मे २०२० मध्ये महाराष्ट्राला केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० नर्स मागाव्या लागल्या. तरी आजही नवीन रुग्णालयाची बातमी येते ती ‘इतक्या खाटांचं’ अशीच. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यान नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती. प्रत्येक मृत्यूचं कारण वेगळं होतं. ते नर्सच्या तुटवड्याने झाले, असं माझ्यासारखीने बाहेरून म्हणणं चूक ठरेल. पण उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा राज्याला ज्या गोष्टी विचारल्या त्यांत मंजूर आणि रिक्त पदं होती.

आता तुम्ही काय करायचं. पुढच्या वेळी कोणाला दाखल करताना ‘तुमच्याकडे नर्स किती’ असं विचारू नका, त्यावर पगारपत्रकाचा आकडा मिळतो. असं विचारा: या वॉर्डात रात्री दोन वाजता किती पेशंट आणि किती नोंदणीकृत नर्स असतात? रात्री डॉक्टर कुठे असतात, इमारतीत की फोनवर? ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री नाडी-बीपी किती तासांनी बघतात? आयसीयूत व्हेंटिलेटरच्या पेशंटमागे एक नर्स हवी, त्याला पर्याय नाही. तिथे एका मुलीकडे तीन व्हेंटिलेटर दिसले तर हलवण्याचा विचार करा. जनरल वॉर्डात रात्री दहा-बारा पेशंटांमागे एक असेल तर आपल्याकडे ते बरं म्हणायचं. वीसच्या वर असेल तर घरचं जागं माणूस जवळ हवंच.

त्या जाग्या माणसाने काय करायचं हेही सांगते, कारण ‘लक्ष ठेवा’ म्हणून कोणी सांगत नाही कशावर ठेवायचं. लघवीची पिशवी दर दोन तासांनी बघा आणि आकडा कागदावर लिहा. छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. शांत पडलेल्या मोठ्या माणसाचा २४ च्या वर गेला तर सिस्टरला सांगा. बोलणं असंबद्ध होणं, नुकताच नीट असलेला माणूस उठून पळू बघणं, ओठ किंवा नखं निळसर होणं, ड्रेसिंगवर लाल डाग पसरत जाणं, यासाठी हाक मारायला लाजू नका. हाक मारताना ‘सिस्टर, जरा बघा ना’ म्हणू नका. ‘सिस्टर, दहा वाजल्यापासून लघवी फक्त २० मिली आहे आणि बाबा बडबडायला लागलेत’ असं म्हणा. ‘जरा बघा ना’ म्हटलं तर ती दहा मिनिटांनी येईल, आकडा सांगितला तर हातातलं टाकून येईल. सलाईनचा वेग तुम्ही बदलू नका, पडलेल्या माणसाला पाजू नका, नळीतून काही घालायचं तर आधी दाखवून घ्या आणि डोक्याकडची बाजू उचललेली असू द्या.

तक्रारीबद्दल. ‘सिस्टर उद्धट होत्या’ असं लिहिलं की तिला मेमो मिळतो, ती रात्रीची एकटीच राहते आणि पुढच्या महिन्यात ती नोकरी सोडते. त्याऐवजी अर्जात तारीख, वार, वॉर्ड, रात्री किती ते किती, किती पेशंट, किती नर्स हे लिहा. काय राहून गेलं ते वेळेसकट लिहा: रात्री दहाचं इंजेक्शन सव्वाबाराला मिळालं, पहिल्या रात्री बीपी एकदाच बघितलं. सरकारी रुग्णालय असेल तर अर्ज वैद्यकीय अधीक्षक किंवा अधिष्ठात्यांकडे (डीन), प्रत अधिसेविकेला (मेट्रन). अधिसेविकेला प्रत द्याच. वरच्या कार्यालयाकडे माणसं मागताना तिला असा एखादा कागद हातात लागतो. खासगी असेल तर नर्सिंग होमची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाकडे: शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी. राज्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, तिचा उल्लेख करा.

सरकारी रुग्णालयाबाबत माहिती अधिकारात तीन गोष्टी मागता येतात: अधिपरिचारिकांची (स्टाफ नर्स) मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं, त्या महिन्याची त्या वॉर्डाची ड्यूटी लिस्ट, आणि त्याच महिन्यातला रोजचा सेन्सस. ड्यूटी लिस्ट आणि सेन्सस शेजारी-शेजारी ठेवले की रात्रीचं खरं प्रमाण कोणालाही काढता येतं. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासकट घ्या.